माळ्यावरच्या रेडिओतून गिटारचा ॲम्प

बेळगाव, खानापूरकडे कुणाच्या माळ्यावर व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) जुना रेडिओ पडून असेल तर मागून आणा. छोट्या ॲम्पमधला महागडा भाग, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा), त्यात सापडतो. आमच्याकडच्या पावसाची ओल लागून त्याची बारीक तार आतून तुटलेली असू शकते, म्हणून आधी मल्टिमीटर लावून ती सलग आहे का बघा. मग तो सुटा करून बारीक तारेच्या बाजूला 12 व्होल्ट एसी द्या. दुसऱ्या बाजूला 0.48 व्होल्टच्या आसपास आलं, तर गुणोत्तर 25. त्याचा वर्ग 625, गुणिले 8; म्हणजे 8 ओमच्या स्पीकरवर व्हॉल्व्हला 5000 ओम दिसतात. ईएल84 या व्हॉल्व्हला ते जमतं. चार-पाच वॅट घरात पुष्कळ (शेजारी सांगतीलच!). ॲम्प बांधताना प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) 300 व्होल्टपर्यंत राहू शकतात. 10 किलोओम, 5 वॅटच्या रेझिस्टरने ते उतरवा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला.