ग्रँड बेटावर पट्टेरी सार्जंट बघायला जाताना

गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ पट्टेरी सार्जंट नावाचा मासा बघायचा, तर आधी पंचांग उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात गाळ ढवळला जातो, पाण्यात काही दिसत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, तेव्हा पाणी जरा निवळतं. पावसाळ्यात तर हा बेत नकोच. तांडेलमामांना, म्हणजे होडी चालवणाऱ्यांना, आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्हाला गरवायचं नाही, म्हणजे गळाने मासे धरायचे नाहीत, एकाच खडकापाशी तासभर थांबायचंय, आणि नांगर वाळूत टाका, प्रवाळावर नको.

मास्क घरीच तपासा: पट्टा न लावता चेहऱ्यावर धरून नाकाने श्वास ओढला की तो चिकटून राहिला पाहिजे. क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा बरा. लाइफ जॅकेट, पाणी, बोट लागत असेल तर गोळी.

पाव, खारी, बिस्किटं मात्र घरीच ठेवा. हे मी कळकळीने सांगतेय. तुकडे टाकले की सार्जंट झुंडीने अंगाशी येतात, फोटोही छान निघतात; पण आपल्याला त्यांचं खरं वागणं बघायचंय. हा डॅम्सेलफिश कुळातला वीतभर मासा, पाठ पिवळी, अंगावर पाच काळे उभे पट्टे. एरवी पाण्यात तरंगणारे बारीक जीव आणि शेवाळ खातो. विणीच्या काळात नर निळसर पडतो, खडक साफ करतो आणि मादीने घातलेल्या अंड्यांवर एकटा पहारा देतो. खडकावर जांभळट-तांबडा डाग दिसला, तर तीच अंडी. नर त्यांना परांनी वारा घालतो, मेलेली वेचून काढतो.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी फोटोसाठी अंड्यांच्या अगदी वर जाऊन तरंगले. नर माझ्यावर धावून आला, आणि तेवढ्यात मागून दुसऱ्या माशांनी अंडी टिपायला सुरुवात केली. तो परत फिरेपर्यंत डागाची एक कड गेली होती. तेव्हापासून मी दोन-तीन मीटर लांब राहते, फ्लॅश बंद, पाय शांत. तुम्हीही तसंच करा. तो तुमच्याकडे तोंड करून थांबला, तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका.

पाण्यात चालणारी पाटी आणि पेन्सिल घ्या. कपारीची खूण आणि तारीख लिहा. अंडी आठवड्याच्या आत फुटतात, त्यामुळे पुढच्या रविवारी तिथेच गेलात तर खडक कोरा असेल, किंवा नवा तांबडा डाग असेल आणि त्याच्यापाशी पुन्हा तोच पहारा.