अर्काइव्हचा डिप्लोमा करायचाय? मराठवाड्यातून जाताना एवढी तयारी करून जा

इतिहासात एम.ए. होत आलंय आणि पुढं दप्तराच्या, म्हणजे अर्काइव्हच्या लाइनला जायचंय अशा आपल्याकडच्या पोरापोरींसाठी लिहितोय, कारण पुण्याकडच्यांची तयारी वेगळी आणि आपली वेगळी. त्यांना मोडी आली की पेशवे दफ्तराचं दार उघडतं, आपल्याकडं 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचं राज्य, कारभार आधी फारसीत आणि 1884 च्या सुमारास उर्दूत आला, मग नुसती मोडी शिकून काय वाचणार?

म्हणून सगळ्यात आधी उर्दू. छापील उर्दू वाचता आली म्हणून खूश होऊ नका, कचेरीतला हात शिकस्त, म्हणजे घाईचं मोडतोडीचं अक्षर असतो, नुक्ते (अक्षरांवरचे ठिपके) गायब आणि अक्षरं एकमेकात घुसलेली. गावात कुणाकडं इनामाचा जुना मुंतखब, म्हणजे इनामाचा सरकारी कागद असेल तर झेरॉक्स मागून घ्या, रोज चार ओळी लावा, एखादे जुने मौलवीसाहेब किंवा रिटायर पेशकार (कचेरीतले कारकून) भेटले तर त्यांच्यापुढं बसा, ते जे सांगतील ते कुठल्या क्लासात मिळणार नाही. हिशोबाच्या कागदात आकडे सियाकमधे असतात, ती आकड्यांची वेगळीच लिपी आहे, निदान ओळखता आली पाहिजे. मोडी पण करायचीच, पाटील-कुलकर्ण्यांचे कागद त्यातच आहेत. 2023 ला कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना किती मागणी आली ते बघितलंच आपण.

नंतर तारखा. हैदराबादचं फसली साल, म्हणजे निजामाच्या कारभारातलं महसुली साल, 6 ऑक्टोबरला आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं, म्हणजे इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंत 590 मिळवा, जानेवारीपासून 591. 1357 फसली म्हणजे 1947-48, पोलीस ॲक्शनचं साल, हे एक पाठ ठेवलं की बाकीची लागतात. हिजरीला असली बेरीज चालत नाही, चांद्र वर्ष आहे, त्याला जंत्रीच, म्हणजे तारखा जुळवायचं पुस्तक लागतं.

थिअरीचं फार टेन्शन घेऊ नका, पण दोन गोष्टी डोक्यात पक्क्या पाहिजेत, कागद कुठल्या कचेरीतून आला तो संबंध तुटू द्यायचा नाही आणि ज्या क्रमानं बांधलाय तो क्रम मोडायचा नाही. आपल्याला सवय असते बस्ता (कागदांचं गाठोडं) सोडला की लगेच तारखेनं लावून टाकायची, बरं दिसतं म्हणून, आणि तिथंच अर्धा पुरावा जातो. सार्वजनिक अभिलेख कायदा 1993 एकदा वाचून ठेवा.

हाताची सवय घरीच लावा: नोंदी पेन्सिलनं, फाटलेल्याला सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही, एकदा केलं की परत निघत नाही. एक्सेल नीट यायला पाहिजे, यादी करणं हेच निम्मं काम आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या पोर्टलवर खातं काढून कॅटलॉग कसा असतो ते आत्ताच बघा.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा डिप्लोमा एक वर्षाचा असतो, पात्रता त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. त्याआधी जमलं तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अर्काइव्हला जाऊन या, आपल्या जिल्ह्यांचे निजामकाळातले बरेच कागद तिकडंच आहेत. जाताना विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र, पासपोर्ट फोटो घ्या आणि कुठला विषय, कुठली सालं बघायची ते फसलीत लिहून न्या. धुळीचा त्रास असेल तर मास्क जास्तीचे घ्या, जुना बस्ता झटकला की काय होतं ते कळेलच.