स्वतःची प्रोग्रॅमिंग लँग्वेज बनवताय? फाइलच्या बाबतीत या चुका टाळा

इंदूरला फायनल इयरची पोरं प्रोजेक्ट म्हणून छोटी लँग्वेज बनवतात, छप्पन दुकानवर पोहे खात पार्सरवर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) तासन्‌तास भांडतात, आणि फाइलचा विषय आला की सी लँग्वेजमधली चार फंक्शनं उचलून मोकळी होतात. अरे बाबांनो, जे वापरणाऱ्याला स्वतः नीट लिहिताच येणार नाही ते आधी भाषेत घ्या, बाकीचं नंतर बघू.

"फाइल आहे का?" वर भिस्त. हे फंक्शन सगळ्यांना हवंच असतं. पण विचारलं, "नाही" आलं, मग बनवायला गेलात, तेवढ्यात दुसऱ्या प्रोग्रॅमनं ती बनवली तर? त्यापेक्षा "नसेल तरच बनव" हे एका दमात करणारं फंक्शन द्या. सी मध्येसुद्धा हे करणारा, फाइल उघडणाऱ्या फोपेन फंक्शनचा 'एक्स' मोड २०११ च्या स्टँडर्डमध्येच आला.

लिनक्सवर रिनेम चालतं, विंडोजवर अडतं. लिनक्सवर नव्या नावाची फाइल आधीच असली तर ती गुपचूप बदलली जाते, विंडोजवर सी चं रिनेम एरर देतं. पायथॉननं ३.३ मध्ये यासाठी वेगळं रिप्लेस दिलं, तुम्हीही दोन वेगळी फंक्शनं ठेवा. आणि कंप्युटरच्या डिस्कवरून पेनड्राइव्हवर फाइल नेताना नुसतं रिनेम पुरत नाही, तिथे कॉपी करून डिलीट करावं लागतं, ते मध्येच तुटू शकतं, म्हणून त्याला रिनेम म्हणू नका.

सेव्ह करताना लाइट गेली, फाइल रिकामी. कारण राइट मोडमध्ये उघडताक्षणी जुना मजकूर उडतो. त्याच फोल्डरमध्ये टेंपररी फाइल लिहायची, डिस्कवर सिंक करायची (म्हणजे खरोखर डिस्कवर उतरवायची), मग जुनीच्या जागी रिनेम. हे सगळं एका फंक्शनमध्ये द्याच, माझ्या मते यादीत हेच पहिलं हवं, कारण रोज कोण एवढं लिहीत बसणार!

पूर्ण फोल्डर उडवणं. सोपं वाटतं ना? डिलीट चालू असताना कोणी आतल्या फोल्डरच्या जागी सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट) ठेवली तर भलतंच काहीतरी उडतं. रस्ट लँग्वेजच्या स्वतःच्या लायब्ररीत हा घोळ होता, जानेवारी २०२२ मध्ये १.५८.१ व्हर्जन काढून दुरुस्त केला.

"राजवाडा" लिहिलं, सात प्रश्नचिन्हं आली. विंडोजवर जुन्या जावात हे व्हायचं, जावा १८ पासून डिफॉल्ट यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) झालं. तुम्ही पहिल्या दिवसापासून तेच ठेवा.

फोल्डरवर नजर ठेवणं मात्र लायब्ररीवर सोडा, लिनक्स, मॅक, विंडोज तिघांची पद्धत वेगळी आहे, तुम्ही करत बसलात तर सेमिस्टर संपेल.