खोली घेतल्यावर आधी शिकायचं: पाणी, गॅस, भाकरी

मराठवाड्यात खोली बघायला गेलात की भाड्याच्या आधी पाण्याचं विचारा. नळ किती दिवसांनी येतो, किती वाजता येतो, किती वेळ टिकतो? नळ चुकला तर टँकर कुणी मागवायचा आणि पैसे कुणी भरायचे? जायकवाडी जवळ असूनही छत्रपती संभाजीनगरात काही दिवसांआड पाणी भरायची लोकांना सवयच झालीय. लातूरला तर २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ‘पाण्याची काही अडचण नाही’ हे घरमालकाचं वाक्य शेजारच्या बिऱ्हाडाकडून पडताळून घ्या.

साठवण किती लागेल? एका माणसाचं काटकसरीनं रोजचं साधारण असं धरा: पिणं-स्वयंपाक ५ लिटर, अंघोळ १५, संडास १५, भांडी १०. म्हणजे ४५. कपड्यांचं मिळवून रोजचं ५० धरलं की हिशेब सोपा होतो. चौथ्या दिवशी नळ येत असेल तर २०० लिटर, वर एका दिवसाचं जास्तीचं. एक मोठा झाकणाचा ड्रम, तीन-चार बादल्या आणि पिण्याची वेगळी टाकी एवढ्यात भागतं. नळ सुटल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं गढूळ पाणी येतं. ते संडासाच्या बादलीत घ्या आणि पिण्याचं नंतर भरा. पिण्याच्या टाकीला तोटी असू द्या, ग्लास बुडवून पाणी काढलं की हाताची घाण आत जाते. नळ गढूळच येत राहिला तर पाणी गाळून, खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसंच ठेवून मग वापरा.

ड्रम घासायला मात्र कंटाळा करू नका. डेंग्यूच्या डासाची मादी पाण्याच्या रेषेजवळ, भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. ती डोळ्याला काळ्या बारीक ठिपक्यांसारखी दिसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. म्हणून पाणी नुसतं ओतून देऊन उपयोग नाही. नळ यायच्या आधल्या रात्री ड्रम रिकामा करा, काथ्यानं किंवा ब्रशनं आतून खरवडून घासा आणि तासभर पालथा ठेवा. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा हे झालंच पाहिजे. कूलरची टाकीही यातच आली.

गॅसचं पुढं. नव्या गावात पत्त्याचा पुरावा नसेल तर एजन्सीत ओळखपत्रावर ५ किलोचा छोटा सिलिंडर मिळतो. दुकानात चोरून भरून देतात तो घेऊ नका. घरगुती मोठ्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज काट्यावर आली पाहिजे, आणि डिलिव्हरीवाल्यानं वजन करून देणं अपेक्षितच आहे. कड्याजवळच्या पट्टीवर ‘सी-२७’ असं काही दिसेल. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या तीन-तीन महिन्यांच्या चार तिमाह्या. सी-२७ म्हणजे सप्टेंबर २०२७ पर्यंत टाकीची तपासणी व्हायला हवी. ती मुदत उलटलेली टाकी परत करा.

रेग्युलेटर बसवला की सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून कधीच तपासू नका. टाकी उभी आणि शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी. नळी आयएसआय शिक्क्याची घ्या आणि पाच वर्षांनी बदला, भेगा दिसल्या तर आधीच. वास आला तर दिव्याचं बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं फरशीलगत साचतो. रेग्युलेटर बंद करा, दार-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन लावा.

विजेचं थोडक्यात: खोलीला सबमीटर असेल तर राहायला जाताना रीडिंगचा फोटो काढा. १००० वॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. २०० वॅटचा कूलर दहा तास चालला तर दोन युनिटं. कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढूनच भरा, लोखंडी कूलरचा शॉक जीव घेतो. भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवलेला हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकाची आहे. अनामत रक्कम त्यात लिहून घ्या.

आता भाकरी. बाहेरचं जेवण रोज परवडत नाही आणि पोटालाही झेपत नाही. ज्वारीचं पीठ एका वेळी दोन किलोच दळून आणा. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जातो, मग कितीही मळा, थापताना कडा फाटणारच. एका भाकरीला वाटीभर पीठ, चिमूटभर मीठ आणि अर्ध्या वाटीहून थोडं जास्त कडक पाणी. आधी चमच्यानं कालवा, हाताला सोसलं की तळव्यानं रेटून तीन-चार मिनिटं मळा. नवशिक्यांची भाकरी बहुधा मळण्यातच बिघडते, थापण्यात नाही. परातीत पीठ भुरभुरून थापा. तव्यावर टाकताना भुरभुरलेली बाजू वर ठेवा आणि तिला लगेच पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आलं की उलटा. उशीर झाला तर वरून तडे जातात, घाई केली तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू नीट भाजली की पहिली बाजू थेट आचेवर धरा, टम्म फुगते.

सोबत येसर आमटी. येसर म्हणजे भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाले दळून केलेलं पीठ. गावाकडून येताना येसराचा डबा आणा, महिनाभर कोरड्यासाची, म्हणजे भाकरीला लावून खायच्या पदार्थाची, चिंता राहत नाही. दोन मोठे चमचे येसर आधी वाटीभर थंड पाण्यात कालवा. उकळत्या पाण्यात कोरडं टाकलं की गुठळ्या होतात. लसूण-जिऱ्याची फोडणी करा, दोन वाट्या पाणी उकळा, मग हे कालवण हलवत हलवत ओता. मीठ घालून पाच-सात मिनिटं मंद आचेवर ठेवा. गार होताना ती घट्ट होते, म्हणून उतरवताना पातळच दिसली पाहिजे.