रोजच्या ताटासोबत नाशिकची परवडणारी वाइन कशी निवडावी

नाशिकमध्ये द्राक्षबागा हाकेच्या अंतरावर असूनही बहुतेक घरांत वाइन पाहुण्यांपुरतीच आणली जाते. आधी बाटली ठरते आणि मग तिच्यासाठी चीज, ऑलिव्ह, पास्ता असा वेगळा बेत आखला जातो. त्यात वाइनपेक्षा सोबतच्या खाण्यावरच जास्त पैसे जातात. खरे तर क्रम उलटा असावा. घरात आज पिठले-भाकरी आहे की आमटी-भात, हे आधी पाहावे आणि त्याला साजेशी, साधारण पाचशे ते हजार रुपयांतली स्थानिक बाटली निवडावी. असे केल्यास बहुतेक वेळा महागड्या रेडपेक्षा साधी, किंचित गोडसर व्हाइट वाइनच अधिक जमून येते.

याचे कारण आपल्या तिखटात आहे. मिरचीचा जाळ अल्कोहोलमुळे वाढतो, आणि रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरलेला जो तुरटपणा असतो, तो तिखटासोबत कडवट लागू लागतो. ओकच्या पिंपात मुरवलेली, चौदा टक्के अल्कोहोलची भारदस्त कॅबरने सोव्हिन्यों ही रेड वाइन ठेच्यासोबत घेतली, तर दोन्हींची चव बिघडते आणि दोष मात्र वाइनला दिला जातो. याउलट थंडपणा, आंबटपणा आणि थोडीशी गोडी या तिन्ही गोष्टी तिखटाला आवर घालतात. शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाच्या आपल्याकडच्या वाइनमध्ये त्या तिन्ही सापडतात, आणि ती स्वस्त गटातही सहज मिळते. म्हणून घरात एकच बाटली ठेवायची असेल, तर ती शेनिनचीच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

खरेदी करताना लेबलावरचे वर्ष आवर्जून पाहावे. आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळांसाठीची गोडी छाटणी झाली, की माल साधारण जानेवारी ते मार्च या काळात हाती येतो. त्यामुळे त्या हंगामाची व्हाइट वाइन त्याच वर्षाच्या मध्यापासून दुकानात दिसू लागते. स्वस्त व्हाइट आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, ताज्याच चांगल्या लागतात. दोन वर्षांपेक्षा जुनी बाटली सवलतीत मिळत असली तरी घेऊ नये. साध्या रेडला आणखी एखादे वर्ष चालते, पण तीही जपून ठेवण्यासाठी बनवलेली नसते. दुकानात बाटली कुठे ठेवली आहे, हेही पाहावे. काचेच्या दर्शनी कपाटात उन्हाला उभी असलेली, झाकणाभोवती चिकट ओघळ असलेली किंवा बूच वर सरकलेली बाटली परत ठेवावी, कारण नाशिकच्या उन्हाळ्यात तिने काय सोसले असेल हे उघड आहे. फिरकीचे झाकण हे हलक्या प्रतीच्या वाइनचे लक्षण मानू नये. ताज्या वाइनसाठी ते बुचापेक्षा सोयीचे आहे.

हजार रुपयांच्या आतली परदेशी बाटली दिसली, तरी मोह टाळावा. तिच्या किमतीत सीमाशुल्काचा वाटा मोठा असतो, त्यामुळे आतली वाइन मूळची फारच स्वस्त असते. महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणून स्थानिक वाइनला करात सवलत दिली, आणि त्याचा फायदा आजही ग्राहकाला मिळतो. गंगापूर रस्त्यावर सुला आणि यॉर्क, इगतपुरी तालुक्यात ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने अशा वायनरींत पैसे भरून चार-पाच वाइन चाखता येतात. शनिवार-रविवारची गर्दी टाळून आठवड्यातल्या एखाद्या सकाळी गेल्यास तिथली माणसे शांतपणे माहिती देतात. तिथे चाखून आवडलेली नावे लिहून ठेवावीत आणि परतताना गाडी न पिणाऱ्याने चालवावी.

आता ताटाकडे वळू. गोडा मसाला, चिंच आणि गूळ घातलेली आमटी हा शेनिनचा सर्वांत जवळचा जोडीदार आहे. आमटीतला आंबट-गोड तोल वाइनमध्येही असतो, आणि दालचिनी-लवंगेच्या वासाआड फळाचा वास झाकला जात नाही. पिठले-भाकरीसोबतही तीच चालते, फक्त ठेचा घासागणिक न घेता अधूनमधून घ्यावा. जुळणी तपासायची सोपी रीत अशी: आधी वाइनचा एक घोट घ्यावा, मग पिठल्याचा घास नीट चावून खावा आणि तोंडात चव असतानाच दुसरा घोट घ्यावा. दुसरा घोट पहिल्यापेक्षा गोड आणि गोल लागला, तर जोडी जमली. कडू किंवा पाणचट लागला, तर त्या पदार्थासाठी दुसरी बाटली शोधावी.

कोथिंबीर वडी, पालेभाजी किंवा हिरव्या वाटणाचे मासे असतील, तर सोव्हिन्यों ब्लाँ ही व्हाइट वाइन घ्यावी. तिच्या वासातच कच्च्या ढोबळी मिरचीची, ताज्या पाल्याची छटा असते, त्यामुळे कोथिंबीर आणि हिरवी मिरची तिला परकी वाटत नाही. साबुदाणा वडा, भजी, बटाटेवडा अशा तळणीसोबत फेसाळ वाइन उत्तम. बुडबुडे आणि आंबटपणा मिळून जिभेवरचे तेल धुऊन काढतात. तिची बाटली महाग असते, म्हणून ती चार माणसे जमतील तेव्हाच उघडावी. वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी असा खानदेशी बेत असेल, तर रोझे घ्यावी. भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास तिला पेलतो आणि कच्च्या कांद्यासोबतही ती टिकते.

रेड वाइन मटणासाठी राखून ठेवावी, पण रस्सा मध्यम तिखट असावा. शिराझ या रेड वाइनच्या द्राक्षात मिऱ्याचा वास देणारे द्रव्य मुळातच असते, त्यामुळे काळ्या मसाल्याच्या सुक्या मटणाशी तिचे चांगले जुळते. पिंपात न मुरवलेली, हलकी शिराझ मागावी. शेवभाजीसोबत मात्र कोणतीही रेड नको.

मिसळीसोबत वाइन देण्याची कल्पनाही अधूनमधून कानावर येते. मला ती पटत नाही. मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे, तर्री कढत, तेलकट आणि जहाल असते, आणि तिच्यासोबत दही, पापड व शेवटी गुळाची जिलेबी ही नाशिकची रीत पूर्ण आहे. त्यात भर घालण्यासारखे काही उरलेले नाही. नाचणीकडे लोकांचे पुन्हा लक्ष वळले आहे, ते मात्र मला मनापासून आवडते. आपल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातली नागली, म्हणजे हीच नाचणी, वर्षानुवर्षे तिथल्या घरांत रोज खाल्ली जात आहे. ती महागड्या कुकीच्या रूपात घेण्यापेक्षा भाकरीच्या रूपात घ्यावी. नागलीची भाकरी, उडदाचे भुजे आणि थंड शेनिन हे फार चांगले जेवण आहे.

व्हाइट, रोझे आणि फेसाळ वाइन निदान तीन तास फ्रिजमध्ये असावी. ऐनवेळी आठवण झाली, तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली वीस मिनिटे बुडवावी. नुसत्या बर्फापेक्षा पाणी असलेले हे मिश्रण लवकर थंड करते, कारण ते बाटलीला सगळीकडून भिडते. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला थंड देशांतला आहे. एप्रिलमध्ये नाशिकची खोली तीस अंशांच्या पुढे असते, म्हणून रेडही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी. खास प्याल्यांची गरज नाही. पातळ काचेचा साधा ग्लास एक तृतीयांश भरावा, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो.

750 मिलिलिटरच्या बाटलीत पाच ग्लास होतात. दोघांच्या जेवणाला एकेक ग्लास पुरतो, त्यामुळे उरलेली बाटली झाकण घट्ट लावून लगेच फ्रिजमध्ये उभी ठेवावी. व्हाइट आणि रेड दोन्ही तीन-चार दिवस बऱ्या राहतात, फेसाळ वाइन मात्र दुसऱ्या दिवशीच संपवावी. 375 मिलिलिटरची अर्धी बाटली मिळाली, तर दर मिलिलिटरमागे थोडे जास्त पैसे पडले तरी एकट्याने राहणाऱ्याने तीच घ्यावी. उघडलेल्या वाइनला व्हिनेगरचा वास येऊ लागला, तर ती पिऊ नये आणि स्वयंपाकातही घालू नये.