स्पोर्ट्स कार देऊन घरच्या कामाची गाडी घेताय? या चुका टाळा

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि पुलगाव, धामणगाव, कारंजा, मेहकरच्या पट्ट्यात अधूनमधून मस्टँग, झेड-फोर नाहीतर बॉक्स्टर अशी एखादी स्पोर्ट्स कार दिसायला लागली. कोणी जमिनीच्या मोबदल्यातून घेतली, कोणी संत्र्याच्या चांगल्या सालात, कोणी कंत्राटाच्या पैशातून. बहुतेकांनी मुंबई-पुण्याची किंवा दिल्लीची जुनीच आणली. महामार्गावर या गाडीसारखं सुख नाही. पण इंटरचेंज उतरून गावाच्या वाटेला लागलं की पोट घासतं, आईला एवढ्या खाली बसता-उठता येत नाही, आणि लग्नाला निघताना दोघं गाडीत, बाकी घर बसस्टँडवर. वर्ष-दोन वर्षांत घरात बोलणं सुरू होतं : हे द्या अन् कामाची घ्या.

निर्णय योग्यच असतो. तो पार पाडतानाच्या चुकांत मात्र दोन-चार लाख सहज जातात आणि कधीकधी गाडी विकूनही तिची नोटीस आपल्याच घरी येते. जुन्या गाड्या तपासून देण्याचं माझं काम आहे. हे नुकसान टाळता येण्यासारखं असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन सौदे एकत्र बांधणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपण जिल्ह्याच्या शोरूमला सात आसनी गाडी पाहायला जातो आणि तिथेच विचारतो, "हिचे किती देता?" त्या शोरूमकडे स्पोर्ट्स कारचं गिऱ्हाईक नसतं. मॅनेजर नागपूरच्या दलालाला फोन लावतो, तो मुंबईच्या दलालाला विचारतो, आणि दोघांचा नफा, वाहतूक, न विकली तर अडकणारा पैसा हे सगळं वजा होऊन आपल्याला आकडा सांगितला जातो. त्यावर एक्सचेंज बोनसची, म्हणजे जुनी देऊन नवी घेतल्याबद्दलच्या सवलतीची, रक्कम ठळक अक्षरात लिहिलेली असते, म्हणून तो आकडा वाईट वाटत नाही.

समजा शोरूमने जुन्या गाडीचे २४ लाख धरले आणि बोनस १ लाख दिला. तीच गाडी हौशी माणसाने थेट २८ लाखाला घेतली असती, तर त्या १ लाखासाठी तुम्ही ४ लाख सोडले; निव्वळ तोटा ३ लाखांचा. म्हणून शोरूममध्ये पहिल्यांदा जुन्या गाडीचा विषयच काढू नका. नव्या गाडीचा एक्सचेंजशिवायचा ऑन-रोड भाव, सूट वेगळी दाखवून, कागदावर घ्या. मग जुनीचा भाव वेगळ्या कागदावर घ्या. हप्त्याचं बोलणं सगळ्यात शेवटी. "हप्ता एवढाच बसेल" या वाक्याखाली तिन्ही आकडे झाकले जातात.

जुनी गाडी जिथे तिचे शौकीन आहेत तिथे दाखवा : नागपूर, पुणे, मुंबई. यवतमाळ-चंद्रपूरकडच्यांना हैदराबादही दूर नाही. कापसाचा पैसा हातात आला की गावातच कोणी घेईल, या आशेवर दिवाळी ते संक्रांत गाडी धरून ठेवणारे मी पाहिले आहेत. तो पैसा ट्रॅक्टरला, बोअरला, लग्नाला जातो. आणि जानेवारी लागला की तुमची गाडी कागदावर एका वर्षाने जुनी होते. खरेदीदार सौद्याला बसल्यावर पहिलं वाक्य तेच बोलतो.

गोदामात उभी ठेवून विकायला काढणं

विकायचं ठरलं की गाडी चालवणं बंद होतं आणि ती सोयाबीनच्या गोदामात ताडपत्रीखाली जाते. महिन्याभरात बॅटरी उतरते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात, मग चालवताना स्टेअरिंगला थरथर येते. आणि उंदीर. धान्यासाठी आलेला उंदीर इंजिनच्या उबेला जाऊन बसतो आणि वायरिंगचं आवरण कुरतडतो. एका गाडीचं बॉनेट उघडलं तेव्हा एअर फिल्टरच्या डब्यात कापसाच्या सरकीचं घरटं होतं आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा. मालकाला वाटत होतं सेन्सर गेला असेल. गेली होती ती अख्खी वायरिंग, आणि असली वायरिंग बाहेर देशातून यायला महिने लागतात.

आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवा. ते जमत नसेल तर बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनर लावा, टायरमध्ये हवा पूर्ण ठेवा आणि गाडी धान्यापासून लांब उभी करा. टाकीत महिनोन्महिने जुनं पेट्रोल ठेवू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते पाणी ओढतं आणि जुन्या आयात गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत.

गिऱ्हाईक येण्याआधी टायरच्या बाजूचा चार अंकी आकडा वाचून ठेवा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचा टायर आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कडक पडलेला असतो, आणि जाणकार माणूस चारही टायरचे पैसे भावातून कापतोच.

मोठा आवाज काढणारा सायलेन्सर, बदललेली चाकं, इंजिनचं रिमॅपिंग (ताकद वाढवायला सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल) असं काही केलं असेल तर कंपनीचे मूळ भाग परत बसवा. बाहेरच्या सायलेन्सरचे वेगळे पैसे कोणी देत नाही. मूळ नाही म्हटलं की मात्र भाव पडतो. दुसरी किल्ली, सर्व्हिसची सगळी बिलं, चाकाच्या लॉकनटची चावी एका पिशवीत ठेवा. ही लॉकनटची चावी हरवली की पंक्चर काढणंही अवघड होऊन बसतं, आणि ती हमखास हरवलेली असते.

नाव बदलायचं काम समोरच्यावर सोडणं

"फॉर्मवर सह्या करून द्या भाऊ, बाकी मी पाहून घेतो जी." हे वाक्य ऐकून मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० कोरेच सह्या करून देऊन मोकळे होऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की नोंदवहीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक; गाडी पुढे कितीही हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्याकडे येऊ शकते. तीनशे-चारशे घोड्यांच्या ताकदीची गाडी अनोळखी माणसाच्या हातात आणि कागद तुमच्या नावावर, हा धोका कोणत्याच भावाला परवडत नाही.

विक्रीची माहिती राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. गाडी तेलंगणात किंवा मध्य प्रदेशात जात असेल तर फॉर्म २८ची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आधी काढा. गाडी देताना डिलिव्हरी नोट करा : तारीख, वेळ, किलोमीटर, घेणाऱ्याचं लायसन्स आणि ओळखपत्राची प्रत, दोन साक्षीदार. वेळ लिहायला विसरू नका, कारण चालानवर वेळ असते. अधिकृतता प्रमाणपत्र असलेल्या जुन्या गाड्यांच्या डीलरला गाडी देत असाल तर ताबा दिल्याची सूचना परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म २९सी मध्ये देता येते. त्याच्याकडे ते प्रमाणपत्र आहे का, हे आधी विचारा.

समृद्धीवर सपाटीला कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. या गाड्या कितीनं चालल्या असतील ते मालकालाच ठाऊक, पण कॅमेऱ्यालाही ठाऊक असतं. थकलेली ई-चालानं गिऱ्हाईक समोर बसल्यावर निघाली तर सौदा अडतो, म्हणून आधीच पाहून भरून टाका. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. बँकेच्या एनओसीला मुदत असते, ती कपाटात ठेवून जुनी करू नका. गाडीची नोंदणी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरची पाटीही लावून घ्या.

दिल्ली, हरियाणा, पुद्दुचेरीच्या पासिंगची गाडी तशीच वापरत असाल तर अडचण मोठी आहे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त वापरायची गाडी तिथे नव्याने नोंदवावी लागते आणि तिथला कर भरावा लागतो. महाराष्ट्रातलं गिऱ्हाईक हा कर तुमच्या भावातून वजा करणार. अशी गाडी ज्या राज्याचं पासिंग आहे तिथेच विकणं पुष्कळदा जास्त फायद्याचं ठरतं.

दोन लहान कामं राहून जातात. फास्टॅग बंद करा, नाहीतर दुसऱ्याचा टोल तुमच्या खात्यातून जातो. आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागा. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. ५० टक्क्यांपर्यंतची सवलत नव्या गाडीच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यावर मिळते आणि पत्र तीन वर्षं चालतं. शोरूमवाला आपणहून याची आठवण करून देईलच असं नाही.

इसार घेऊन गाडी देणं

"पाच लाख इसार घ्या, बाकीचे कापूस विकला का देतो." जमिनीच्या व्यवहारात इसारपावती चालते, कारण जमीन कुठे पळून जात नाही. गाडी रात्रीत चार जिल्हे ओलांडते. पूर्ण रक्कम खात्यात दिसल्याशिवाय किल्ली देऊ नका. समोरच्याच्या मोबाइलवरचा आरटीजीएसचा फोटो पाहून तर नाहीच. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच बसतो. तोही घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. गाडीच्या बदल्यात प्लॉट देऊ करणाऱ्यालाही हेच सांगा : आधी प्लॉटची नोंदणीकृत खरेदी, मग गाडी.

नवी गाडी १० लाखांवरची असेल तर शोरूम १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापला जाणारा आयकर, घेतं. शेतीचंच उत्पन्न असलेले बरेच जण विवरणपत्र भरत नाहीत आणि हे पैसे तसेच सोडून देतात. विवरणपत्र भरलं तर ते करात वळते होतात किंवा परत मिळतात.

चिडून उलट्या टोकाची गाडी घेणं

खाली घासणाऱ्या गाडीला कंटाळलेला माणूस शोरूममधली सगळ्यात उंच, सगळ्यात जाड गाडी बोट दाखवून घेतो. जरा थांबा. तुमच्या रोजच्या वाटेवर गाडी चालवून पाहा, शोरूमसमोरच्या चौपदरी रस्त्यावर नाही. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गावाच्या तोंडाशी जो असतो तो कसा असतो हे तुम्हाला माहीत आहे. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, ते विचारा. सात माणसं आणि दोन कट्टे धान्य टाकल्यावर गाडी किती बसते, ते डोळ्यांनी पाहा. तिसऱ्या रांगेत घरातला उंच माणूस बसवा. सात जण बसल्यावर डिकीत जागा उरते का? अनेक गाड्यांत एका बॅगेपुरतीही उरत नाही.

स्टेपनी पूर्ण आकाराची आहे का आणि त्या मापाचा टायर तालुक्याला मिळतो का, हे दोन प्रश्न सनरूफच्या आधी विचारा.

डिझेलबद्दल नीट विचार करा. बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि ती काजळी जाळायला गाडी बराच वेळ एकसारख्या वेगात चालावी लागते. घर ते वावर, वावर ते बाजार समिती एवढंच चालणं असेल तर फिल्टर तुंबतो. दिवा लागला की दुर्लक्ष न करता महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं ताशी ६०-७०च्या वर चालवा. बहुतेक वेळा मोकळा होतो. तरी दिवा जात नसेल तर वर्कशॉपला न्या. अनेक डिझेल गाड्यांत धूर साफ करायला डीईएफ नावाचं द्रावणही लागतं. त्यात युरिया असतो हे ऐकून घरातल्या खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून टाकू नका. खताच्या युरियातल्या अशुद्धीने ती सगळी यंत्रणा बसते. रोजचं चालणं तुटकं असेल तर पेट्रोल किंवा हायब्रिड बरी.

रात्री रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर आडवे येतात म्हणून नव्या गाडीला पुढून लोखंडी गार्ड लावून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच असे क्रॅश गार्ड बेकायदा ठरवले. दंड बाजूला ठेवा. गार्डमुळे धक्का एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही, आणि जीव वाचवायला घेतलेली एअरबॅग उशिरा उघडते किंवा उघडतच नाही. त्यापेक्षा भारत एनकॅपच्या धडक चाचणीत मिळालेले सुरक्षेचे तारे पाहा, हेडलाइटचा उजेड रात्री चालवून पाहा आणि अंधाऱ्या रस्त्यावर वेग कमी ठेवा.

पावसाळ्यात नाल्याच्या पुलावर पाणी असेल तर उंच गाडी आहे म्हणून घालू नका. पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका. त्या एका सेलने इंजिनात पाणी ओढलं जातं आणि साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. विमा काढताना इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण जोडून घ्या.

आधीच विकून बसलात आणि नाव बदललं नसेल तर

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव आजच पाहा. तुमचंच दिसत असेल तर घेणाऱ्याला पोचपावती मिळेल अशा स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. आरटीओत लेखी अर्ज द्या, सोबत डिलिव्हरी नोट आणि बँकेची नोंद जोडा, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. विमा कंपनीलाही कळवा. माणूस सापडतच नसेल तर पोलिस ठाण्यात तक्रार द्या, आणि गाडीच्या नावाने एखादं चालान आलं तर त्याची तारीख-वेळ डिलिव्हरी नोटशी ताडून हरकत नोंदवा. डिलिव्हरी नोट केलेलीच नसेल तर पैसे जमा झाल्याचा बँकेचा उतारा, त्या दिवसांचे मोबाइलवरचे संदेश आणि गाडी नेताना काढलेले फोटो गोळा करा. ते आता सहज मिळतात, वर्षभरानं मिळतीलच असं नाही.