फ्रेटबोर्डची गोलाई निवडताना या चुका टाळा

इलेक्ट्रिक गिटारच्या फ्रेटबोर्डवर, म्हणजे तारा बोटांनी जिथे दाबतात त्या पट्टीवर, पंधराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे तिथल्या आडव्या धातूच्या पट्ट्या) पहिली, सर्वांत बारीक तार पूर्ण स्वराने वर ओढली आणि सूर लांबण्याऐवजी मध्येच मेला, की बहुतेक वादक एकाच निष्कर्षावर येतात: हा फ्रेटबोर्ड फार गोल आहे, पुढच्या वेळी सपाट घ्यायचा. कधी हा निष्कर्ष खरा असतो. पण अनेकदा दोष नेकच्या (गिटारच्या मानेच्या) वाकात, ब्रिजच्या सॅडलमध्ये (बॉडीकडच्या टोकाला तारा ज्यांवर टेकतात त्या तुकड्यांमध्ये) किंवा एखाद्या उचललेल्या फ्रेटमध्ये असतो आणि गिटार बदलली तरी तोच दोष नव्या गिटारवर पुन्हा भेटतो. गोलाईचा आकडा एकट्याने काहीच ठरवत नाही. ब्रिज, तारांची उंची, फ्रेटची अवस्था आणि तुमचे वादन यांच्याबरोबर तो जुळतो की नाही, एवढेच पाहायचे असते.

आकडा चुकीचा वाचणे

फ्रेटबोर्डचा पृष्ठभाग हा एका मोठ्या नळकांड्याचा तुकडा मानला, तर त्या नळकांड्याची त्रिज्या म्हणजे फ्रेटबोर्ड रेडियस. त्यामुळे आकडा जितका लहान, तितका बोर्ड अधिक गोल. आकडा जितका मोठा, तितका सपाट. नवशिक्यांची नेमकी येथेच उलटापालट होते. १९५०-६० च्या दशकांतील फेंडर गिटारवर ७.२५ इंच (१८४ मिमी) ही गोलाई असे. आजच्या बहुतेक फेंडरवर ९.५ इंच (२४१ मिमी), पीआरएसवर १० इंच, गिब्सन लेस पॉलवर १२ इंच (३०५ मिमी) आढळते, तर आयबानेझच्या अनेक गिटारांवर हे माप मिलिमीटरमध्ये, उदाहरणार्थ ४०० किंवा ४३०, अशी दिलेली असते. इंचातला १२ आणि मिलिमीटरमधला ३०५ हे दोन वेगळे पर्याय समजून त्यांची तुलना करत बसलेले ग्राहक मी पाहिले आहेत. नेकच्या पाठीचा आकार, म्हणजे ‘सी’ किंवा ‘यू’ अशा अक्षरांनी दाखवला जाणारा घाट, ही पूर्णपणे निराळी गोष्ट आहे. तळहाताला जे जाड किंवा बारीक लागते त्याचा बोर्डच्या गोलाईशी संबंध नसतो, आणि ‘ही नेक हातात भरते, म्हणजे रेडियस चुकला’ हे निदान त्यामुळेच फसते.

या आकड्यांमधला प्रत्यक्ष फरक किती, हे एकदा मिलिमीटरमध्ये पाहून घेणे बरे. बाराव्या फ्रेटपाशी बोर्डची रुंदी साधारण ५२ मिमी धरली, तर बोर्डचा मध्य त्याच्या कडेपेक्षा ७.२५ इंचाच्या गोलाईत सुमारे १.८ मिमी, ९.५ मध्ये १.४ मिमी, १२ मध्ये १.१ मिमी आणि १६ मध्ये ०.८ मिमी उंच असतो. म्हणजे १२ आणि १६ यांतला फरक जवळपास एका दहा गेजच्या (०.०१० इंच जाडीच्या) पहिल्या तारेच्या जाडीइतकाच आहे. ७.२५ आणि १२ यांमधला फरक मात्र हाताला नक्की जाणवतो. म्हणून १२ की १४ या प्रश्नावर झोप घालवण्यात अर्थ नाही, ७.२५ की १२ हा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे.

सूर का मरतो हे न पाहता बोर्डला दोष देणे

तार ओढताना ती बोर्डच्या कडेकडून मध्याकडे, म्हणजे उताराकडून माथ्याकडे सरकते. दाबलेल्या फ्रेटवर ती वर चढते, पण ब्रिजवरचे तिचे टोक कडेच्याच उंचीवर राहते. परिणामी, दाबलेल्या जागेपासून ब्रिजपर्यंत तार जाते ती उतरत उतरत, आणि त्या वाटेवरचे पुढचे फ्रेट मात्र मध्याजवळ असल्याने उंच असतात. तार आणि पुढच्या फ्रेटमधली फट कमी होते, कंपन करणारी तार एखाद्या फ्रेटला टेकते आणि सूर तिथेच संपतो. बोर्ड जितका गोल, तितका हा चढ अधिक. तारा जितक्या खाली बसवलेल्या, तितकी फट आधीच कमी. ही दोन कारणे नेहमी एकत्र काम करतात, म्हणून केवळ एकालाच जबाबदार धरणे चूक ठरते.

निदानाची एक सोपी पद्धत आहे. आधी तार न ओढता, प्रत्येक फ्रेटवर पहिली आणि दुसरी तार दाबून एकेक सूर वाजवून पाहावा. साध्या सुरातही खरखर येत असेल, तर गोलाईचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि उंच झालेला फ्रेट शोधावा. त्यासाठी तीन-तीन फ्रेटवर बसणारी छोटी सरळ पट्टी पुरते. ती मधल्या फ्रेटवर टेकून डुगडुगली, की तो फ्रेट उंच आहे. नेक जिथे बॉडीला जोडलेली असते, तिथून पुढचे फ्रेट किंचित वर उठलेले असणे हा फार आढळणारा दोष आहे, आणि वरच्या फ्रेटवरचे बेंड (तार ओढून चढवलेले सूर) मरण्याचे खरे कारण बहुधा हेच निघते. साधे सूर स्वच्छ आणि केवळ बेंड मरतात, तेही बाराव्या फ्रेटच्या वर आणि पहिल्या-दुसऱ्या तारेवरच, अशी स्थिती असेल तर गोलाई आणि तारांची उंची या जोडीकडे वळावे.

तारांची उंची किती असावी, याचे चांगले मापदंड फेंडरच्या सेटअपच्या मार्गदर्शनात आहेत. ७.२५ इंचाच्या बोर्डवर सतराव्या फ्रेटपाशी जाड तारांच्या बाजूला सुमारे २ मिमी आणि बारीक तारांच्या बाजूला १.६ मिमी, ९.५ ते १२ इंचांवर दोन्हीकडे १.६ मिमी, १५ ते १७ इंचांवर बारीक बाजूला १.२ मिमी. नेकच्या पुढे झुकणाऱ्या वाकालाही, ज्याला रिलीफ म्हणतात, असेच प्रमाण आहे: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून आठव्या फ्रेटपाशी मोजल्यास तो अनुक्रमे ०.३, ०.२५ आणि ०.२ मिमी असावा. ७.२५ च्या गिटारवर १.२ मिमीची उंची ठेवून मग बेंड मरतात म्हणून कुरकुर करणे म्हणजे बैलगाडीकडून घोड्याची चाल मागणे होय. सॅडल एका वेळी फार तर ०.२ मिमी वर घ्यावे, तार सुरात आणावी, तोच बेंड पुन्हा वाजवावा. बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत प्रश्न सुटतो.

हे सारे ज्या ऋतूत केले, त्याची नोंद ठेवावी. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये हवेतला ओलावा लाकूड पिते, तर विदर्भातल्या मे महिन्यात तेच लाकूड सुकते, आणि नेकचा वाक दोन्ही वेळी बदलतो. मे महिन्यात नीट वाजणारी गिटार जुलैमध्ये खरखरू लागली, तर ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, तिचा वाक बदलणाऱ्या सळईला) पाव फेरा द्यायचा असतो. बोर्ड बदलायचा नसतो.

ब्रिज आणि बोर्ड यांचे लग्न न जुळवणे

माझी पहिली मोठी चूक येथली आहे. ७.२५ इंचाच्या एका जुन्या गिटारच्या सहाही सॅडल मी पट्टी लावून एका सरळ रेषेत आणल्या आणि नीटनेटके काम झाल्याच्या समाधानात राहिलो. कडेच्या तारा बोर्डपासून उंच आणि मधल्या तारा फ्रेटला चिकटलेल्या. तिसऱ्या आणि चौथ्या तारेची खरखर ऐकून मी महिनाभर बोर्डला शिव्या देत होतो. सॅडल बोर्डच्या गोलाईप्रमाणेच कमानीत असाव्या लागतात. प्रत्येक तारेखाली बसणारे खाचांचे रेडियस गेज लावून त्या कमानीत आणल्या, तेव्हा तीच गिटार वाजू लागली.

फेंडरच्या पद्धतीच्या ब्रिजवर प्रत्येक सॅडलची उंची वेगळी बदलता येते, त्यामुळे ही चूक पाच मिनिटांत सुधारते. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजवर ती सोय नसते. त्याची कमान साधारण १२ इंचांची ठरलेली असते आणि वेगळी हवी असल्यास सॅडलच्या खाचा कानसाव्या लागतात. मूळ फ्लॉइड रोझ ब्रिजची कमान साधारण १० इंचांची असते. तो १६ इंचांच्या बोर्डवर बसवल्यास कडेच्या तारा मधल्या तारांच्या मानाने सुमारे अर्धा मिलिमीटर खाली जातात, आणि त्या कडेच्या सॅडलखाली पातळ धातूचे तुकडे, म्हणजे शिम, घालून वर आणाव्या लागतात. गिटार विकत घेताना केवळ बोर्डचा आकडा विचारून चालत नाही, ब्रिज कोणता हेही विचारावे, ते यामुळे. बदललेल्या नटचा (नेकच्या वरच्या टोकाशी तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीचा) तळ सपाट आहे की बोर्डच्या कमानीचा, हेही पाहावे. खाचा मात्र बोर्डच्या गोलाईला धरून असायलाच हव्यात.

याच्या जवळचीच एक गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पिकअपमधील, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागातील, चुंबकांची उंची एकसारखी नसते. ती गोल बोर्ड आणि वरून बारीक तार गुंडाळलेली तिसरी तार गृहीत धरून ठरवलेली असते. तीच पिकअप सपाट बोर्डच्या गिटारवर आणि आजच्या साध्या तिसऱ्या तारेबरोबर लावल्यास ती तार इतरांपेक्षा मोठ्याने बोलते. अशा वेळी रेडियस चुकला असे नसते.

आवडत्या वादकाचा आकडा उचलणे

ब्लूज वादक स्टीव्ही रे वॉन यांच्या नावाच्या फेंडर मॉडेलवर १२ इंचांची गोलाई आहे, तर अतिवेगवान वादनासाठी ओळखल्या जाणाऱ्या यंगव्ही माल्मस्टीन यांच्या नावाच्या मॉडेलवर ९.५ इंचांची, तीही खोलगट कोरलेल्या बोर्डसह. ‘वेगासाठी सपाट, ब्लूजसाठी गोल’ हे सूत्र या दोन उदाहरणांतच कोलमडते. वादकाचे तारांचे गेज, ट्यूनिंग, तारांची उंची आणि हात हे सगळे त्या आकड्यासोबत येतात; आपण उचलतो तो केवळ आकडा.

त्यापेक्षा स्वतःच्या वादनाचे प्रामाणिक निरीक्षण करावे. पहिल्या पाच फ्रेटमध्ये बारे कॉर्ड (तर्जनी आडवी ठेवून तारा दाबणारे) धरून तासन्‌तास साथ करणाऱ्याच्या तर्जनीला गोल बोर्ड नैसर्गिक वाटतो, कारण बोटाचा बाक आणि बोर्डचा बाक जवळ येतात. दीड-दोन स्वरांचे बेंड खाली उतरवलेल्या तारांवर ओढणाऱ्याला १२ किंवा त्याहून सपाट बोर्ड कमी त्रास देईल. मराठी भावगीत गिटारवर वाजवणाऱ्यांना हे विशेष लागू पडते: मींड काढताना आपण तार केवळ एका ठरलेल्या स्वरापर्यंत नेत नाही, तर बराच वेळ त्या दोन स्वरांच्या मधल्या जागेत थांबतो, आणि तार त्या प्रवासात कुठेही दबली तर मींड तुटते.

संयुक्त गोलाई म्हणजे सर्व प्रश्नांचे उत्तर समजणे

नटकडे गोल आणि वरच्या फ्रेटकडे सपाट होत जाणारा बोर्ड, म्हणजे कंपाउंड रेडियस, हा कॉर्ड आणि बेंड दोन्हींसाठी उत्तम तोडगा आहे, यात वाद नाही. जॅक्सनच्या अनेक गिटारवर ती १२ ते १६ इंच अशी असते. चूक होते ती पुढे: लोक ब्रिजची कमान बोर्डच्या शेवटच्या आकड्याएवढी ठेवतात. बोर्ड ज्या गतीने सपाट होतो ती गती ब्रिजपर्यंत वाढवली, तर चोवीस फ्रेटच्या १२-१६ बोर्डसाठी ब्रिजपाशी सुमारे १७ इंच, आणि १०-१६ बोर्डसाठी सुमारे १८ इंच येतात. सॅडल त्या कमानीत नसतील, तर पैसे मोजलेला फायदा निम्मा वाया जातो.

आहे तो बोर्ड घासून सपाट करणे

वॉरंटी उलटलेल्या गिटारचा ७.२५ चा बोर्ड १२ करून घेण्याचा मोह अनेकांना होतो. बोर्डच्या रुंद टोकाशी मध्यभागातून सुमारे ०.८५ मिमी लाकूड काढावे लागते. मेपलच्या बोर्डवरचे फिनिश पूर्ण जाते, ठिपके पातळ होतात आणि फ्रेटच्या खाचा उथळ झाल्याने त्या पुन्हा खोल कराव्या लागतात. १९६२ नंतर साठ-सत्तरच्या दशकांत बनलेल्या फेंडरमध्ये रोझवूडचा थर मुळातच पातळ, गोलाईत चिकटवलेला असतो. त्यावर हा प्रयोग करू नये. फ्रेट बदलायची वेळ आलीच असेल, तर बोर्ड तसाच ठेवून नव्या फ्रेटचे माथे वरच्या बाजूला किंचित सपाट करून घेणे हा कमी नुकसानीचा मार्ग आहे. फ्रेटची तार बोर्डपेक्षा थोडी अधिक वाकवून मगच बसवावी, नाहीतर टोके उठतात, आणि ती उठलेली टोके पहिल्या तारेला पुन्हा तेच मरण देतात.

दुकानात दोन गिटारांची तुलना करताना छोटी पट्टी खिशात ठेवावी आणि दोन्हींची सतराव्या फ्रेटवरची उंची आधी मोजावी. गोलाईची खात्री करायची असल्यास पुठ्ठ्यावर २४१ मिमी लांबीच्या दोऱ्याला पेन्सिल बांधून एक कमान काढावी, तिच्या आतल्या बाजूचा पुठ्ठा कापून टाकावा आणि तारा सैल केल्यावर उरलेली खोलगट कड दोन फ्रेटच्या मधल्या लाकडावर आडवी टेकवावी. दोन्ही टोकांशी प्रकाश दिसला तर बोर्ड ९.५ पेक्षा गोल आहे, मध्ये दिसला तर सपाट. फ्रेटच्या माथ्यावर मोजू नये. जुन्या गिटारवर ते कित्येकदा घासलेले असतात.